कोपऱ्यातलं दार

छत्री काखेत मारून, चांगली चिंब भिजत मी चर्चच्या आवारात शिरले, तेव्हा जुन्या हॉलच्या व्हरांड्यात एक माणूस खुर्ची घेऊन फिरत होता.

फिरत होता म्हणजे काय, तर घडीची खुर्ची उघडायची, बसायचं, समोर बघायचं, उठायचं, खुर्ची मिटायची आणि थोडं पुढे सरकून पुन्हा बसायचं. मी फाटकाशी थांबून बघतच राहिले. अस्वस्थपणात आजवर माझा हात धरणारं कुणी भेटलं नव्हतं. आई तर मला भिंगरीच म्हणते. पण हा माझ्याही वरताण निघाला!

"खुर्ची बोचतेय का?" मी विचारलं.

"खुर्ची नाही, जागा बोचतेय," तो मान वर न करता म्हणाला. "इथे बसलं की पाऊस अंगावर येतो. तिथे आत बसलं की कोरडं राहता येतं, पण मग पाऊस दिसत नाही. मधली जागा शोधतोय."

"सापडली?"

"तुम्ही बसून सांगा ना. मला आता कुठेही ओलंच वाटतंय."

मी बसले. का बसले, देव जाणे. पागोळ्यांचे तुषार गालावर येत होते... आणि तो कानामागे पेन्सिल खोचून, माझ्याकडे नाही, माझ्या गालावरच्या तुषारांकडे बघत होता.

"थोडं मागे," मी म्हणाले.

"थोडं म्हणजे?"

"एक वीत."

त्याने लगेच वाकून फरशीवर पेन्सिलीने खूण केली. हॉलचा आर्किटेक्ट हाच, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. काखेत नकाशांची गुंडाळी असलेला दुसरा कोण इथे भर पावसात येणार? खरं तर मी तिथून काढता पाय घ्यायला हवा होता. हा हॉल पाडून चर्चवाले नवा बांधणार होते, आणि त्याचा आराखडा आधी बाहेरच्या इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ती बाहेरची इंजिनिअर म्हणजे मी. बैठकीच्या आधी जागा नुसती डोळ्यांखालून घालावी म्हणून आले होते. ज्याचं काम तपासायचं त्याच्याशी आधी गप्पा मारायच्या नाहीत, हा आमच्या साहेबांचा दंडक.

"तुम्ही हॉल बघायला आलात?" त्याने विचारलं. "लग्नासाठी?"

इथे सरळ 'नाही' म्हणायचं होतं. पण 'लग्न' हा शब्द आठवडाभर माझ्या डोक्यात घोंघावत होता. मावशीने स्थळ आणलं होतं. मुलगा दातांचा डॉक्टर, लांबच्या शहरात स्वतःचा दवाखाना, बोलायला गोड, घरचे समजूतदार. नाव ठेवायला जागा नाही, आणि तीच तर पंचाईत होती! आई उठता-बसता विचारत होती, "हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण बाई. मावशीला काय सांगू मी?" आणि माझ्या तोंडून ना हो निघत होतं, ना नाही.

"हो," मी त्या अनोळखी माणसाला म्हणाले. घरी घशात अडकलेला शब्द इथे कसा सुळकन निसटला!

"अरे वा... अभिनंदन," तो म्हणाला. मधलं ते किंचित थांबणं मी ऐकलं. "नवा हॉल उभा राहायला वेळ लागेल. फार घाई नाही ना?"

"घाई घरच्यांना आहे."

"आणि तुम्हाला?"

"तुम्ही फार प्रश्न विचारता हो."

"पोटापाण्याचा धंदाच तो. बरं, एकच विचारतो. लग्नाच्या दिवशी या हॉलमध्ये तुम्हाला काय हवं असेल?"

काहीतरी थातुरमातुर सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं. पण बोलायला लागले आणि भलतंच बाहेर आलं.

"एक खोली हवी. लहानशी. जिथे कुणी 'हस ना जरा' म्हणणार नाही... आणि त्या खोलीला बाहेर जायचं दार हवं. थेट बागेत उघडणारं."

"पळून जायला?"

"छे! दार असलं की कुणी पळत नाही. नसलं की मात्र सारखं पळावंसं वाटतं."

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. गुंडाळी उलगडून, गुडघ्यावर टेकवून नकाशाच्या एका कोपऱ्यात काहीतरी रेखाटायला लागला. त्याच्या केसांतून एक थेंब ओघळला, तो त्याने नकाशावर पडायच्या आत मनगटाने टिपला. मी उगीचच दुसरीकडे बघितलं.

"आणि नवरदेव? दारांची चौकट ठरवायची आहे. उंच आहेत का?"

"असतील," मी म्हणाले.

"असतील?"

"व्हिडिओ कॉलवर सगळे बसलेलेच असतात!"

आता मात्र तो हसला. मोठ्याने नाही, खाली मान घालून, स्वतःशीच. मी उठले आणि निघाले. फाटकापर्यंत पोचले, तर मागून हाक आली, "अहो, छत्री आहे की तुमच्याकडे! उघडा ना!"

मी मागे वळले नाही. उघडलीही नाही.

नकाशे ऑफिसात आले. साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला आणि मी उघडून बघितलं, तर हॉलच्या बागेकडच्या कोपऱ्यात एक लहानशी खोली, आणि खोलीला बागेत उघडणारं एक दार.

मनात आधी काय आलं ते सांगायला लाज वाटते. कुणा परक्या माणसाने माझं बोलणं इतकं मनावर घेतलं होतं! आणि मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली आणि मी कपाळावर हात मारला.

दार नेमकं कोपऱ्यात होतं. वादळात, भूकंपात इमारतीला आडवा धक्का बसतो, तेव्हा तिला धरून ठेवतात त्या कोपऱ्यांतल्या भरीव भिंती. त्यात एवढं मोठं भगदाड पाडणं म्हणजे चार जणांनी उचललेल्या पलंगाचा एक कोपरा सोडून देण्यासारखं होतं. आणि ते पाडायला सांगितलं होतं कुणी? मी!

मी हिशेब पुन्हा केला. दार वाचावं म्हणून पुन्हा एकदा केला. दार काही वाचेना. घरी गेले की आई समोर यायची, ऑफिसात आले की ते दार. जेवताना पाय हलत राहायचा, वाचताना तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जायची. आई म्हणाली, "अगं, जरा एका जागी बस. तुला बघून मलाच भोवळ येतेय."

बैठक जुन्या हॉलमध्येच होती. मधोमध लांब टेबल. एका टोकाला फादर. वय झालेलं, ऐकू कमी यायचं, पण सोयीचं तेवढं नेमकं ऐकू यायचं. त्यांच्या शेजारी शाळेच्या निवृत्त हेडबाई. चर्चच्या बांधकाम समितीच्या त्याच प्रमुख. आणि दुसऱ्या टोकाला तो, नकाशे पसरून उभा.

मी आत आले. त्याने वर बघितलं. चेहरा आधी उजळला, मग गोंधळला, आणि फादर "या आपल्या तपासणी इंजिनिअर" म्हणाले तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले.

"आपण... भेटलोय का?" त्याने विचारलं.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. खोटं बोलायला लागलं की सवय होते!

त्याने हॉल समजावून सांगितला. छान सांगत होता. प्रार्थनेनंतर लोक 'निघतो निघतो' म्हणत अर्धा तास व्हरांड्यात उभे राहतात, म्हणून व्हरांडा रुंद. म्हातारी माणसं पायऱ्यांना घाबरतात, म्हणून उतार. आणि मग तो त्या खोलीपाशी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही खोली मी आधी काढलेली नव्हती. एका नवरीने मागितली. तिला वाटेल तेव्हा बाहेर पडता यावं, म्हणून हे दार."

"वा!" हेडबाई टेबलावर थाप मारत म्हणाल्या. "कोण ही शहाणी मुलगी? माझं लग्न याच हॉलमध्ये लागलं. रडायला जागा नाही म्हणून मी त्या स्टेजच्या पडद्यामागे रडले होते, आणि पडदा ओढणाऱ्याने नेमका तेव्हाच ओढला!"

फादरना हे स्वच्छ ऐकू गेलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सगळेच हसले. आणि हसू ओसरलं तशा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"बाकी आराखडा उत्तम आहे," मी म्हणाले. "पण हे दार इथे चालणार नाही."

"का?" हेडबाई.

मी समजावलं. भिंत, धक्का, छप्पर. आकडे पक्के होते. तो खाली बघून ऐकत होता.

"म्हणजे त्या मुलीचं ऐकून मी चूक केली?" शेवटी त्याने विचारलं.

"मुलीने दार मागितलं. कोपऱ्यातच हवं, असं काही ती म्हणाली नव्हती."

"तुम्हाला कसं माहीत?"

हेडबाईंची नजर त्याच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे गेली. आयुष्यभर शेवटच्या बाकावरच्या खोड्या ओळखलेली बाई ती!

"फादर," त्या म्हणाल्या, "मला वाटतं, या दोघांनी बसून हे आपसांत मिटवावं. पुढच्या बैठकीत आपण बघू."

त्याचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. जिना चढताना गरम पावाचा वास आणि वर पोचल्यावर लाकडाच्या भुशाचा. टेबलावर हॉलची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, हाताएवढी. मी आत शिरले आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"मी खोटं बोलले. हॉल बघायला नव्हते आले. म्हणजे आले होते, पण लग्नासाठी नाही."

"लग्न नाहीये?"

"तसंही नाही... स्थळ आलंय. मला अजून ठरवायचंय."

तो हातातली पट्टी फिरवत राहिला. पट्टी एकदा या बोटांत, एकदा त्या. "मग त्या दिवशी 'हो' का म्हणालात?"

"'हो' म्हटल्यावर कसं वाटतं, ते बघितलं."

"कसं वाटलं?"

"तुम्ही नवरदेवाची उंची विचारलीत, तोवर बरं वाटत होतं."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्याने ते परत पाठवलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला ठरवायचंय ना, मग मी मध्ये काही बोलत नाही. आपण भिंतीचं बोलू."

आणि खरोखरच, त्यानंतर तो फक्त भिंतीचं बोलला. मी रोज संध्याकाळी जायची. आम्ही पुठ्ठ्याच्या भिंती काढायचो, लावायचो. तो चहा पुढे करायचा, कप माझ्या हाताला लागेल असा ठेवायचा, पण हात आधीच मागे घेतलेला असायचा. मी चेष्टा केली की 'हं' म्हणायचा. एकदा डिंकाचा ठिपका माझ्या कपाळाला लागला. त्याने सांगितलं, "कपाळाला डिंक आहे," आणि रुमाल टेबलावर ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इतकं सभ्य वागतं का कुणी? मला रागाने रडू यायचं बाकी होतं.

तोड सापडली ती मात्र दोघांना एकदमच. स्वयंपाकघर आणि खोली यांची अदलाबदल केली, तर दार लांब भिंतीच्या मधोमध येत होतं आणि चारही कोपरे भरीव राहत होते. दोघांचे हात एकाच वेळी त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे गेले. बोटं बोटांना लागली... आणि या वेळी त्याने हात लगेच मागे घेतला नाही. मीही नाही. खाली बेकरीत कुणीतरी भट्टीचं झाकण धाडकन आपटलं, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

"सगळे नकाशे नव्याने काढावे लागतील तुम्हाला," मी म्हणाले.

"काढतो," तो म्हणाला. आवाज जरा वेगळाच लागला होता त्याचा. "तुम्ही आता... उद्यापासून नाही आलात तरी चालेल. भिंतीचं काम झालं."

जिना उतरताना पावाचा वास नकोसा झाला मला.

रविवारी सकाळी मी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत बसली होती. "आई, माझं नाही म्हणून ठरलंय. मावशीला इतक्यात सांगू नकोस, त्या डॉक्टरांना मीच फोन करते. त्यांच्याशी मीच बोलायला हवं."

आईने शेंग हातातच धरली. "काय वाईट आहे गं त्याच्यात?"

"काहीच नाही. त्यांच्याशी बोलताना माझा पाय हलत नाही, हात हलत नाही, काहीच होत नाही मला. फोन ठेवला की ते काय म्हणाले, हेही आठवत नाही."

"दुसरं कुणी आहे का?"

"माहीत नाही."

"बरं," आई शेंग फोडत म्हणाली, "आणि हे 'माहीत नाही' कुठल्या ऑफिसात काम करतं?"

मी उशीत तोंड खुपसलं. आईने पुढे काही विचारलं नाही, पण दुपारभर मावशीचं काय करायचं, या काळजीने तिचा चेहरा उतरलेला होता. ते मात्र मला लागलं.

दातांच्या डॉक्टरांशी बोलणं सोपं नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्यात काही कमी नाही." ते म्हणाले, "हे वाक्य मी याआधीही ऐकलंय. पण स्वतः फोन करून सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." चांगलेच होते ते. त्यांना त्यांचं माणूस लवकर भेटो, असं मनापासून वाटलं.

पण 'नाही' म्हणून मोकळी झाले, तरी शांत कुठे झाले? आता जीव दुसऱ्याच कारणाने वरखाली होत होता. तो फोन करत नव्हता. का करेल? मध्ये बोलणार नाही, असा शब्द दिलेला माणूस. आणि मी फोन हातात घ्यायची, नंबर काढायची, ठेवून द्यायची.

दुसऱ्या बैठकीत नवा आराखडा मंजूर झाला. फादरना एकच चिंता होती, स्वयंपाकघर लांब गेल्यामुळे चहा स्टेजपर्यंत येईतो गार होणार. त्याने त्यांना मधून एक खिडकी काढून द्यायचं कबूल केलं. हेडबाईंनी सही केली आणि दार कुठे येणार ते चष्मा वर करून नीट बघून घेतलं. "आता कसं," त्या म्हणाल्या. "रडा, हसा, बागेत जाऊन दोन मिनिटं श्वास घ्या. नवरी म्हणजे काय शोकेसमधली बाहुली आहे?" आणि मग, जाता जाता, "फादर, चला. मला तुम्हाला तिकडे ते... काहीतरी दाखवायचंय."

"काय दाखवायचंय?"

"ते तिकडे गेल्यावर ठरवू. चला तुम्ही."

हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. बाहेर पाऊस कौलांवर ताड ताड वाजत होता. तो नकाशे गुंडाळत होता. फार सावकाश गुंडाळत होता.

"तुमच्याबरोबर काम करून छान वाटलं," तो म्हणाला. "तुम्हाला... पुढच्या सगळ्याला शुभेच्छा."

"मी नाही म्हटलं," मी म्हणाले.

"कशाला?"

"त्या स्थळाला."

गुंडाळी त्याच्या हातातून सुटली आणि टेबलभर उलगडत गेली. ती आवरायचं सोडून तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हसेल. पण त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"का?" त्याने विचारलं. "मी त्या दिवशी काही बोललो म्हणून? की ते... हात... त्यामुळे? तसं असेल तर खरं सांगा. गुदमरलेल्या माणसाला बाहेर पडताना जे पहिलं दिसतं, ते छान वाटतं. नंतर नाही वाटत. मला तसं व्हायचं नाहीये."

"आणि झालं तर?"

"तर मला फार लागेल," तो म्हणाला. इतकं साधं म्हणाला, की माझ्या सगळ्या चेष्टा सुकून गेल्या.

मी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नाही म्हटलं ते माझ्यामुळे," मी म्हणाले. "त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. मी तुम्हाला भेटले नसते तरी नाहीच म्हटलं असतं. जरा उशिरा म्हटलं असतं, एवढंच... पण हो मात्र मला तुमच्यामुळेच म्हणायचंय. तुम्ही विचारलंत, तर."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा कानामागे खोचली. मग पुन्हा काढली.

"मी या बाबतीत फार हळू आहे," तो म्हणाला. "एक दार ठरवायला मला महिना लागतो. तुमचा जीव जाईल."

"जाऊ दे."

"मग..." त्याने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. तुम्ही भिजत आलात, छत्री काखेत होती, तेव्हापासून. माझ्याबरोबर राहाल? एकदम लग्न वगैरे नाही म्हणत मी... म्हणजे म्हणतोच आहे, पण..."

"हो," मी म्हणाले. "आता 'पण' नको."

मग त्याचा हात माझ्या हातात आला. गार होता आणि घामेजलेला होता. त्याच्या अंगठ्यावर पेन्सिलीचं शिसं लागलेलं होतं, ते माझ्या तळव्याला लागलं.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस थोडा कमी झाला होता. कोपऱ्यावरच्या बस थांब्याखाली आम्ही उभे राहिलो. त्याला त्याच्या बहिणीबद्दल सांगायचं होतं, मला आईबद्दल. तो मध्येच थांबायचा, शब्द शोधायचा, आणि मला ते शोधणं बघत राहावंसं वाटायचं. आमची बस आली आणि गेली. "पुढची घेऊ," तो म्हणाला. पुढचीही आली आणि आमचं बोलणं अर्ध्यावर होतं म्हणून तीही सोडली. त्यानंतरची आली, दार उघडलं, आणि आम्ही तिच्याकडेही बघितलं नाही, तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून वाकून ओरडला,

"ओ ताई, ओ दादा! चढताय, की इथंच संसार मांडताय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आणि माझ्या सावकाश, सभ्य, महिनाभर दार ठरवणाऱ्या माणसाने हात वर करून बिनदिक्कत उत्तर दिलं,

"मांडतोय, काका! तुम्ही निघा!"